भिक्खूची लेव्हल कोण ठरवतं?

१९७८ साली छापलेल्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये मंकबद्दल एक नियम आहे. सातव्या लेव्हलपर्यंत मंक इतरांसारखाच वर चढतो: राक्षस मारा, खजिना आणा, अनुभवाचे गुण जमवा. पुढे मात्र जगात जागाच मोजक्या आहेत. आठव्या लेव्हलचे मंक फक्त तीन. नवव्याचा एक, दहाव्याचा एक, असं करत थेट सतराव्यापर्यंत. तिथे बसलेला असतो 'ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स', म्हणजे फुलांचा महागुरू. तुमचे गुण पुरेसे झाले तरी बढती तात्पुरतीच. वरच्या मंकला शोधून काढायचं आणि शस्त्र न घेता, जादूची वस्तू न वापरता, नुसत्या हातांनी त्याला हरवायचं. जिंकलात तर त्याची पायरी तुमची, हरलात तर घसरून खाली.

जुने खेळाडू या नियमावर हसतात. काहींना तो आवडतोही, कारण त्यातून गोष्टी निघतात. मला तो खटकतो, आणि का खटकतो हे नीट लिहून काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं.

ज्यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' फक्त एखाद्या वेब सिरीजमधे पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग सांभाळतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र. तोंडाने गोष्ट सांगायची, अडलं की फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ १९७४ साली बाजारात आणला, तेव्हा पात्रांचे प्रकार तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. प्रकाराला 'क्लास' म्हणतात. मंक हा क्लास १९७५ मध्ये 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणी पुस्तकात आला. मुखपृष्ठावर नाव आर्नेसनचं, संपादन टिम कास्कचं, आणि मंकची कल्पना प्रकाशक कंपनीतला भागीदार ब्रायन ब्लूम याची, असं गायगॅक्सनेच पुढे सांगितलं.

ब्लूमला ती सुचली कुठून? एखाद्या मठातून नाही आणि धर्मग्रंथातून तर नाहीच. १९७१ पासून अमेरिकेत 'द डिस्ट्रॉयर' नावाची स्वस्त कादंबऱ्यांची मालिका निघत होती, लेखक वॉरन मर्फी आणि रिचर्ड सॅपिर. त्यात चिऊन नावाचा म्हातारा कोरियन गुरू एका अमेरिकन पोलिसाला नुसत्या बोटांनी माणूस मारायला शिकवतो. रेल्वे स्टॉलवर मिळणाऱ्या आपल्या रहस्यकथांची ही अमेरिकन भावंडं. त्याच काळात टीव्हीवर 'कुंग फू' मालिका चालू होती (१९७२ ते ७५), त्यात डेव्हिड कॅराडाइन शाओलिनचा संन्यासी बनून अमेरिकेच्या वाळवंटात फिरायचा. १९७३ मध्ये 'एंटर द ड्रॅगन' आला. त्या वर्षांत अमेरिकेतल्या पोरांच्या डोळ्यांसमोर 'मंक' म्हटलं की टक्कल, अनवाणी पाय आणि हवेत गेलेली लाथ हेच यायचं.

चिऊन संन्यासी नाही, तो पैसे घेऊन खून करणारा मारेकरी आहे. त्याचं घराणंच मारेकऱ्यांचं. 'ब्लॅकमूर'मध्ये मंकसोबत आणखी एक नवा क्लास आला, त्याचं नाव 'असॅसिन'. त्याच्या वरच्या पायऱ्यांवरही मोजक्याच जागा आणि त्याही वरच्याला संपवूनच मिळवायच्या. म्हणजे एकाच पुस्तकात मारेकरी आणि भिक्खू शेजारी शेजारी, आणि दोघांनाही चढायला एकच शिडी. हा योगायोग नसावा असं मला वाटतं. मुळातली गोष्ट मारेकऱ्याची होती, तिला भगवी कफनी नंतर चढवली.

आता नियमांकडे. मंक व्हायला १९७८ च्या पुस्तकात ताकद, शहाणपण आणि चपळाई, तिन्ही किमान १५ लागतात, काटकपणा किमान ११. सरळ तीन फासे टाकून आलेले आकडे क्रमाने लिहिले तर असा माणूस साधारण अडीच हजारांत एक निघतो. (फासे टाकायच्या याहून दिलदार पद्धतीही आहेत, म्हणून खेळ चालतो.) आणि इतका दुर्मीळ माणूस सुरुवातीला काय करू शकतो? चिलखत नाही, ढाल नाही. ताकद १५ असली काय अन् १८ असली काय, तिचा फटक्याला फायदा नाही. चपळाईचा बचावाला फायदा नाही. चार बाजूंच्या फाशावर जीव मोजायचा, तेही फक्त दोन फासे, म्हणजे सरासरी पाच. पहिल्या लेव्हलच्या मंकचा ठोसा एक ते तीन इतकीच इजा करतो. एखादा चांगला लढवय्या त्याला जेवता जेवता आडवा करील.

पण तो टिकला तर एकेक सिद्धी हाती येत जाते. तिसऱ्या लेव्हलला प्राण्यांशी बोलता येतं, पाचव्याला रोग शिवत नाहीत, सातव्याला स्वतःच्या जखमा भरता येतात, आठव्याला झाडांशी बोलता येतं. उंचावरून पडला तर भिंतीचा आधार घेत इजा न होता खाली येतो. मेल्याचं सोंग घेतो. तेराव्या लेव्हलला 'क्विव्हरिंग पाम': समोरच्याला नुसता हात लावायचा, आणि पुढच्या काही दिवसांत मनात येईल तेव्हा त्याला मारून टाकायचं.

ही यादी वाचताना मला ती परकी वाटली नाही. प्राण्यांची भाषा, पाण्यासारखं हलकं शरीर, रोगापलीकडे गेलेला देह: आपल्याकडे ज्या आजीने नवनाथांच्या गोष्टी सांगितल्यात तिच्यासाठी हे रोजचंच आहे. ब्लूमच्या यादीत नकळत खरी लोककथा शिरली आहे, कादंबरीतून, सिनेमातून गाळून आलेली. म्हणून या क्लासला नुसता 'पाश्चात्त्यांचा भंगार पौर्वात्य' म्हणून मी फेकून देणार नाही. आणखी एक कारण आहे. या जुन्या मंकला व्रतं आहेत. तो जादूच्या वस्तू पाचच ठेवू शकतो, दोन शस्त्रं आणि तीन इतर. संपत्ती साठवू शकत नाही, साध्या गुजराणीपुरतं ठेवून बाकीचं देऊन टाकायचं. ज्या खेळात सगळी मजा लूट गोळा करण्यात आहे, त्यात एका पात्राला 'तू घेऊ नकोस' असं सांगणारा नियम, हा त्या पानावरचा सर्वांत धीट नियम आहे. समीक्षक ठोशांचे तक्ते मोजतात आणि हा सोडून देतात.

मी राहते आगरदांड्याला. इथून दिघीला जाणारी जंगलजेट्टी ज्या राजपुरी खाडीत चालते, तिच्या मुखाशी जंजिरा आहे. पर्यटक तेवढं बघतात आणि जातात. खाडीने उलट आत गेलं तर कुडे गाव लागतं आणि गावावरच्या डोंगरात २६ लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे बौद्ध भिक्खू राहत होते. खोल्या लहान, झोपायला दगडी बाक, बाहेर पाण्याची टाकी, समोर खाडी. ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत: इथल्या महाभोज सत्ताधाऱ्यांच्या घरातले लोक, वैद्य, लेखनिक, माळी, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, आणि भिक्खुणीसुद्धा. म्हणजे अमेरिकेत कागदावर मंक तयार झाला त्याच्या एकोणीस-वीस शतकं आधी, माझ्या घरापासून होडीच्या अंतरावर खरे मंक राहत होते आणि त्यांच्याकडेही एक रूलबुक होतं.

त्याचं नाव विनय. पाली परंपरेत भिक्खूंसाठी २२७ नियम, महिन्यातून दोनदा सगळ्यांनी एकत्र बसून म्हणायचे. धर्मानंद कोसंबींनी 'बौद्धसंघाचा परिचय' या पुस्तकात हे जग मराठीत आणलं. खेळाच्या नियमपुस्तकांसारखंच विनय वाचायला गंमतशीर आहे, कारण प्रत्येक नियमामागे कुणीतरी केलेला एक घोटाळा आहे. कुणीतरी काहीतरी केलं, तक्रार आली, बुद्धांनी चौकशी केली, नियम झाला, मग पळवाट सापडली, मग पोटनियम. ज्याने कधी टेबलावर नियमांवरून भांडण केलंय त्याला हे ओळखीचं वाटेल.

या दोन रूलबुकांना शेजारी ठेवून वाचलं की मजा येते. रागाच्या भरात दुसऱ्या भिक्खूला मारणं हा गुन्हा. नुसता हात उगारणं हाही गुन्हा. युद्धाला निघालेलं सैन्य बघायला जाणं गुन्हा; कारणाने छावणीत जावंच लागलं तर दोन-तीन रात्रींहून जास्त राहू नये; राहिलात तर कवायत बघायला जाऊ नये. गायगॅक्सचा मंक ज्या कामासाठी निर्माण झाला, ते काम भिक्खूने बघायचंही नाही. सोनंनाणं घ्यायचं नाही. स्वतःच्या मालकीच्या वस्तू आठ: तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. मंकच्या पाच जादूच्या वस्तूंपुढे ही आठांची यादी ठेवा. गाळण्याचं फडकं कशासाठी, तर पाण्यातले जीव पोटात जाऊ नयेत म्हणून. आणि आठव्या लेव्हलला मंक झाडांशी बोलतो, तर विनयात भिक्खूने झाडाझुडपांना इजा करायची नाही. झाडाचं ऐकायचं तर ते असं.

मला खरा धक्का दिला तो सिद्धींच्या नियमांनी. विनयात चार अपराध असे आहेत की त्यांनी माणूस भिक्खूच राहत नाही. त्यातला चौथा: नसलेल्या अलौकिक सिद्धीचा दावा करणं. ठीक, खोटं बोलणं वाईट. पण पुढे आणखी एक नियम आहे, सौम्य पण जास्त विचित्र: सिद्धी खरोखर असेल तरीही ती दीक्षा न घेतलेल्या माणसाला सांगणं दोष आहे. मग पिंडोल भारद्वाजाची गोष्ट. राजगृहातल्या एका श्रेष्ठीने चंदनाचं पात्र उंच बांबूवर टांगलं आणि म्हणाला, कुणी सिद्ध असेल त्याने उडून घ्यावं. पिंडोल उडाला, पात्र घेतलं, गावाला तीन फेऱ्या मारल्या, लोक मागे धावले. बुद्धांनी त्याला झाडलं, पात्राचे तुकडे करून त्याची भुकटी करायला लावली आणि नियम केला की गृहस्थांपुढे चमत्कार दाखवायचा नाही.

आता कॅरेक्टर शीट आठवा. वरच्या उजव्या कोपऱ्यात मोठी चौकट, तीत लेव्हल. खाली काय काय येतं त्याची यादी. खेळ सुरू होताना सगळ्यांना सांगायचं: मी सातव्या लेव्हलचा मंक, मला रोग होत नाही, मी स्वतःला बरं करतो. विनयाच्या नजरेने कॅरेक्टर शीट हाच एक अपराध आहे.

आणि आता त्या सुरुवातीच्या नियमाकडे येते. भिक्खूंमध्ये मोठा कोण, हा प्रश्न विनयातही उभा राहिला होता. एकदा काही भिक्खूंनी पुढे पळत जाऊन राहायच्या सगळ्या जागा अडवल्या आणि सारिपुत्तासारख्या ज्येष्ठाला रात्र झाडाखाली काढावी लागली. बुद्धांनी सगळ्यांना विचारलं, पहिलं आसन, पहिलं पाणी, पहिली भिक्षा कुणाला मिळावी? कुणी म्हणालं क्षत्रिय घरातल्याला, कुणी म्हणालं ब्राह्मण घरातल्याला, कुणी म्हणालं सुत्तं पाठ असलेल्याला. कुणी म्हणालं, ध्यानाची अमुक पायरी गाठलेल्याला. म्हणजे लेव्हल! सगळी उत्तरं बाजूला ठेवून बुद्धांनी तित्तिराची गोष्ट सांगितली. वडाखाली हत्ती, माकड आणि तित्तिर राहत होते. हत्ती म्हणाला, मी पिल्लू असताना या झाडावरून चालत जायचो, शेंडा पोटाला लागायचा. माकड म्हणालं, मी जमिनीवर बसून याचा शेंडा खायचो. तित्तिर म्हणाला, एका दुसऱ्या वडाचं फळ मी खाल्लं आणि इथे विष्ठा टाकली, तिच्यातून हे झाड उगवलं. सगळ्यांनी तित्तिराला नमस्कार केला. नियम झाला: ज्याने आधी दीक्षा घेतली तो ज्येष्ठ. वय पावसाळ्यांत मोजायचं, कारण पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात. किती वर्षावास झाले, एवढाच प्रश्न.

कोकणात राहणाऱ्याला हे हिशोबाचं माप लगेच पटतं. आमच्याकडेही वयं पावसाळ्यांनीच मोजतात, आणि जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात.

यावर कुणी म्हणेल, खेळ हा खेळ आहे, त्याला विनयाने का मोजायचं? शिवाय लढणारे संन्यासी इतिहासात नव्हते का? होते. ६२१ साली शाओलिनचे भिक्खू चीनच्या राजकीय लढाईत उतरले होते, त्याचा शिलालेख आहे. आपल्याकडे गोसाव्यांच्या फौजा होत्या. अनुपगीर आणि उमरावगीर हे दोन गोसावी गुरुभाई हजारोंच्या सैन्याचे सरदार होते. पानिपतात १७६१ साली ते शुजाउद्दौल्याबरोबर, म्हणजे मराठ्यांच्या विरुद्ध बाजूला होते, आणि पुढे अनुपगीर महादजी शिंद्यांकडे, मग अली बहादराकडे आला, शेवटी इंग्रजांना मिळाला. आमच्या खाडीपुरतं बोलायचं तर ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर. चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवळावर १७२७ मध्ये सिद्दी सातने हल्ला केला, स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि तिथून सिद्दीविरुद्ध मोहिमेसाठी शाहू महाराजांच्या आणि पेशव्यांच्या मागे लागले. १७३३ साली जंजिऱ्याची मोहीम निघाली. स्वामींनी स्वतः कुणाला ठोसा मारला नाही. ते कर्ज द्यायचे. बाजीरावाला त्यांचं देणं होतं आणि ते पत्रांतून ते वसूलही मागत. हा संन्यासी कुठल्या क्लासचा? साठवलेली संपत्ती देऊन टाकायचा मंकचा नियम लावला तर तो पहिल्याच दिवशी बाद.

म्हणून माझा आक्षेप मंक लढतो यावर नाही. लढा खुशाल. आक्षेप एवढाच की एका माणसाने जग सोडलं तर सोडल्यावर त्याला काय मिळतं, या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर मारेकऱ्यांच्या कंपूचं आहे: वरचा हरला की तुझी जागा. संघ किंवा भिक्षा देणारा माळी त्या पानावर नाही. मंकची पायरी ठरवतात ते फक्त प्रतिस्पर्धी. महाराष्ट्रात हे जास्त टोचतं, कारण आपल्यासाठी भिक्खू हा पोस्टरवरचा माणूस नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तो वस्तीतल्या विहारात येतो, लग्नात आणि मयतीला येतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारलं होतं की भिक्खू कशासाठी, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायला की समाजाची सेवा करायला? १९७८ च्या पानावरचा मंक पहिल्या उत्तराचं इतकं टोकाचं रूप आहे की परिपूर्ण माणूससुद्धा जगात एकच उरतो.

पुढच्या आवृत्त्यांनी काय केलं? १९८५ मध्ये मंक 'ओरिएंटल ॲडव्हेंचर्स' या वेगळ्या पुस्तकात गेला, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ हँडबुकातून गाळला गेला, २००० साली तिसऱ्या आवृत्तीत परत आला. द्वंद्वाचा नियम सुटला, ते बरं झालं. पण पाच वस्तूंची मर्यादाही गेली, देऊन टाकण्याचं व्रतही गेलं. मधल्या काळात शक्तीला 'की' असं नाव होतं, २०२४ च्या हँडबुकात त्याऐवजी 'फोकस' आलं, म्हणजे आशियाई रंग पुसायचा प्रामाणिक प्रयत्न झाला. तो योग्यच. फक्त रंग पुसताना जे उरलं ते म्हणजे वेगाने ठोसे मारणारा माणूस. जुन्या मंकमध्ये निदान एक न पटणारी, न पेलणारी व्रताची कल्पना तरी होती. नवा मंक खेळायला कितीतरी चांगला आहे, आणि मला तो कमी आवडतो.

आमच्या शनिवारच्या ऑनलाइन टेबलावर मी जग सांभाळते आणि नकाशा राजपुरी खाडीचा आहे. एका मित्राला मंक खेळायचा होता. मी १९७८ चा क्लास घेतला, द्वंद्व काढलं, पाच वस्तू ठेवल्या आणि विनयातून दोन गोष्टी उचलल्या. एक, त्याच्या सिद्धी टेबलावरच्या बाकीच्या खेळाडूंना सांगायच्या नाहीत. शीट फक्त त्याच्याकडे आणि माझ्याकडे. दोन, लेव्हल गुणांनी वाढत नाही, गोष्टीतल्या पावसाळ्याने वाढते, आणि पावसाळाभर त्याने एका जागी राहायचं. परिणाम असा की पहिल्या पावसात बाकी तिघे मोहिमेवर गेले आणि तो कुड्याच्या लेण्यात एका आजारी कोळ्याची शुश्रूषा करत बसला. लढवय्या खेळणारी मैत्रीण वैतागली, म्हणाली हा फुकट लेव्हल घेतो. तिचं म्हणणं मी खोडू शकले नाही. कोळी वाचला. तो का वाचला, हे त्या तिघांना अजून माहीत नाही, आणि मंकने अजून सांगितलेलं नाही.